उलट्या रंगांची पेटी

हार्मोनियमच्या खालच्या पट्ट्या काळ्या आणि वरच्या उंच पट्ट्या पांढऱ्या करून घ्यायच्या, असा विचार मी बोलून दाखवला तेव्हा आमच्या मंडळींकडून पहिला आक्षेप आला तो शुद्ध व्यवहाराचा. आपल्याकडे गायकाचा षड्ज सांगायचा तर पट्टीचा रंग आणि क्रमांक सांगतात. पुरुष बहुधा काळी एक, पांढरी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार, काळी पाच या भागात, तबला घ्यायला दुकानात गेले की "कोणत्या पट्टीचा?" हाच पहिला प्रश्न येतो, आणि बासरीसुद्धा पांढरी पाच, काळी दोन असे सांगूनच मागतात. ज्याला पाश्चात्त्य संगीतात सी शार्प म्हणतात ती आपली काळी एक, एफ म्हणजे पांढरी चार आणि बी म्हणजे पांढरी सात. हे पत्ते इतके रुळलेले आहेत की जवळपास पेटी नसतानाही माणसे त्यातच बोलतात. तेव्हा काळी एक जिच्यावर पांढरी दिसते अशी पेटी घेऊन साथीला बसायचे, म्हणजे गावातल्या सगळ्या पाट्या बदलून टपालवाल्याला पूर्वीचेच पत्ते द्यायचे, असे एका तबलावादक स्नेह्यांनी मला सुनावले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरीही मी ते काम करून घेतले, आणि त्यात जे कळले ते येथे मांडते आहे.

मुळात पट्ट्यांचे पृष्ठभाग बदलणे भागच होते. माझी पेटी साडेतीन सप्तकांची, खर्ज आणि त्याहून वरचा नर अशा दोन सुरांची (पेटीत सूर म्हणजे हवेने थरथरणारी पितळी जीभ), सागवानी आहे. बेचाळीस पट्ट्यांपैकी पंचवीस खालच्या आणि सतरा उंच. खालच्या पट्ट्यांवरचे सेल्युलॉइड हळदीसारखे पिवळे पडले होते, काहींच्या कडा उचलल्या गेल्या होत्या आणि मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्यांवर बोटाला टोचतील अशा चिरा होत्या. सर्वसाधारण उपाय म्हणजे ते काढून पांढरे अ‍ॅक्रिलिक चिकटवणे. पण सगळेच काढायचे आहे तर पुन्हा पांढरेच कशाला, हा प्रश्न मनात आला तो जुन्या युरोपीय वाद्यांची छायाचित्रे पाहून.

पांढऱ्या-काळ्याची आजची वाटणी काही आरंभापासून ठरलेली नव्हती. सतराव्या शतकात अँटवर्पच्या रुकर्स घराण्याने बनवलेल्या हार्प्सिकॉर्डवर (पियानोच्या आधीचे, पट्ट्यांनी वाजवायचे तारांचे वाद्य) खालच्या पट्ट्यांना हाडाचे पांढरे पृष्ठभाग असत आणि उंच पट्ट्या दलदलीत गाडल्या गेलेल्या काळ्या ओकच्या असत. फ्रेंच कारागीर नेमके उलटे करत. त्यांच्या खालच्या पट्ट्या आबनुसाच्या काळ्या आणि उंच पट्ट्यांच्या डोक्यावर हाड. इटालियन वाद्यांवर तर खालच्या पट्ट्या पिवळसर बॉक्सवुडच्या दिसतात. मोझार्टचा व्हिएन्नातला आंटोन वाल्टरने बनवलेला पियानो आज साल्झबुर्गमध्ये जतन केलेला आहे, त्याच्याही खालच्या पट्ट्या काळ्या आहेत. काळ्या पट्ट्यांवर स्त्रियांचे गोरे हात उठून दिसावेत म्हणून फ्रेंचांनी ही पद्धत काढली, अशी एक कथा सांगतात. मला ती नंतर कोणीतरी रचलेली वाटते, कारण आबनूस आणि हाड यांपैकी काय सुबक मिळते, काय टिकते आणि गिऱ्हाईक काय मागते, एवढ्यानेही या गोष्टी ठरू शकतात. एकोणिसाव्या शतकात पियानोचे उत्पादन वाढले, हस्तिदंताचा पुरवठा वाढला आणि पांढऱ्या खालच्या पट्ट्या सर्वत्र रूढ झाल्या. अलेक्झांडर दबँ याने १८४२ मध्ये पॅरिसला हार्मोनियमचे पेटंट घेतले तेव्हा हीच वाटणी प्रचारात होती, आणि ती वाद्याबरोबर आपल्याकडे आली. विसाव्या शतकातही उलटी वाटणी पुरती गेली नाही. हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनच्या डाव्या टोकाच्या सप्तकात रंग उलटे असतात, कारण त्या पट्ट्या स्वर वाजवत नाहीत, ठरलेले ध्वनी निवडतात. आणि १९६२ मध्ये आलेल्या व्हॉक्स काँटिनेंटल या इंग्लिश ऑर्गनवर तर केशरी-तांबड्या झाकणाखाली सगळीच काळी-पांढरी अदलाबदल आहे.

हे सारे मी ज्या कारागिरांना सांगितले ते पुण्यात गेली अनेक वर्षे पेट्या दुरुस्त करणारे वयस्क गृहस्थ आहेत, मी त्यांना काका म्हणते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, रंग काय, कोणताही देऊ. पण लाकडाचं बोटाला काय लागतं ते आधी ठरवा. डोळ्याला आठ दिवसांत सवय होते, बोटाला होत नाही." पुढचे सगळे काम या एका वाक्याच्या आधाराने झाले. काळे अ‍ॅक्रिलिक चिकटवणे सर्वांत सोपे होते, परंतु ते घामाने निसरडे होते आणि त्यावर प्रत्येक बोटाचा ठसा उमटून दिसतो. पांढऱ्यावरही ठसे असतातच, ते दिसत नाहीत इतकेच. म्हणून खालच्या पट्ट्यांना लाकूडच लावायचे ठरले.

पट्ट्या बाहेर काढण्यापूर्वी काकांनी प्रत्येकीच्या शेपटीकडच्या भागावर पेन्सिलीने क्रमांक घातला, कारण दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येक पट्टी आपापल्या जागेत घासून बसलेली असते आणि शेजारणीच्या जागी ती अडकते. मग सेल्युलॉइड काढण्याचे काम सुरू झाले. दुकानातल्या गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती जळत होती. पहिल्या पट्टीला हात घालण्याआधी त्यांनी ती विझवली. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे मिश्रण. १८७० च्या आसपास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने ते बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय म्हणून पुढे आणले आणि ते अत्यंत ज्वालाग्राही असते. एरवी जुना सरस सैल करायला गरम इस्त्री चालते, येथे ती चालत नाही. पाण्यात पिळलेले फडके कडेवर ठेवून सरस मऊ होऊ द्यायचा आणि पातळ पाते आडवे सरकवत न्यायचे, अशी ती संथ पद्धत होती. अंगठ्याने जोराने घासले की त्या पिवळ्या पातीला अजून कापराचा वास येत होता. जुने होत जाणारे सेल्युलॉइड आम्लधर्मी वाफा सोडते आणि त्या जवळच्या धातूला बाधतात. हार्मोनियममध्ये पितळी सूर हातभर अंतरावरच असतात, तेव्हा ते काढून टाकण्यात केवळ शोभेचा प्रश्न नव्हता.

काळ्या लाकडासाठी काकांनी प्रथम टेंभुर्णी सुचवली. जिच्या पानांच्या विड्या वळतात त्याच झाडाच्या जुन्या खोडाचा गाभा आबनुसासारखा काळा निघतो. पण पंचवीस पट्ट्यांना पुरेल असा, एका रंगाचा आणि नीट वाळलेला तुकडा मिळेना. शेवटी आमच्या कोकणातल्या घरी माळ्यावर पडून राहिलेले खैराचे मुसळ आणले. खैर अतिशय कठीण, वजनदार आणि दाट असतो. मुसळ पिढ्यानपिढ्या वाळलेले होते, त्यामुळे आता ते वाकण्या-पिळण्याचा संभव नव्हता. लाकडाच्या वखारीत त्याचे उभे काप करून घेतले आणि रंधा मारून सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या पाती तयार केल्या. रंग मात्र तांबूस तपकिरी होता, आणि तो काळा करायचा होता.

येथे मी काकांच्या सवयीचा काळा स्पिरिट रंग नाकारला, कारण तो घामाबरोबर बोटांना लागतो. त्याऐवजी कापडावरच्या कलमकारीत काळ्या रेषेसाठी जे वापरतात तेच वापरायचे ठरवले. गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी एका मडक्यात घालून, वर फडके बांधून ते आंबू दिले. त्यात लोह विरघळते आणि घरात कोणी पाहुणे येण्याची शक्यता असेल तर ते मडके गच्चीवर ठेवावे, इतका त्याला वास येतो. दुसरीकडे हिरड्याची भरड उकळून दाट काढा केला. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, खैरात तर मूळचेच असते, आणि लोह व टॅनिन एकत्र आले की काळा रंग तयार होतो. या रंगाला लाकडावर बसवलेला थर म्हणता येणार नाही. तो लाकडाच्या धाग्यांतच घडतो. शतकानुशतके दलदलीत राहून रुकर्सच्या पट्ट्यांचे ओक काळे झाले ते याच क्रियेने. तेथे निसर्गाने जे सावकाश केले ते आम्ही गच्चीवर घाईने केले, एवढाच फरक.

खैराच्या पातीवर आधी हिरड्याचा काढा चोपडून सुकवला, तेव्हा काहीच विशेष दिसले नाही. मग लोहाचे पाणी कुंचल्याने फिरवले. पहिल्या क्षणी पाती फक्त ओली झाली, नंतर कुंचल्याच्या मागोमाग राखाडी-जांभळट छटा पसरत गेली आणि बघता बघता ती निळसर काळी झाली. सुकल्यावर लाकडाचे रोम उभे राहिले होते, ते बारीक पॉलिश पेपरने बसवून हाच क्रम पुन्हा केला. यानंतर पाती स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवणे फार महत्त्वाचे, कारण त्यात राहिलेले आम्ल पुढे पट्टीखालच्या स्प्रिंगला गंजवील. म्हणूनच हा सगळा उद्योग पाती चिकटवण्यापूर्वी केला. शेवटी जवसाच्या उकळलेल्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, जादा तेल पुसून घेतले. ते तेल पुसलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकताना तापते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आमची फडकी दोरीवर पसरून वाळवली आणि मगच फेकली.

उंच पट्ट्यांसाठी हाड मिळाले असते, पण मला ते नको होते. हस्तिदंताचा प्रश्नच नव्हता. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी आहे आणि आपल्याकडे वन्यजीव कायदा त्याहून जुना आहे. काळा कुडा नावाचे झाड आहे, त्याचे लाकूड मात्र नावाच्या अगदी उलट, हस्तिदंती पांढरे आणि बारीक पोताचे असते. चन्नपट्टणची लाकडी खेळणी त्याचीच बनतात. जुन्या उंच पट्ट्या अखंड रंगवलेल्या लाकडाच्या होत्या, त्या जशाच्या तशा ठेवून फक्त माथ्यावर कुड्याची टोपी बसवावी असे काकांचे मत पडले. त्यामुळे बाजूने पाहिले असता पांढऱ्या माथ्याखाली काळी भिंत दिसते, फ्रेंच हार्प्सिकॉर्डवरही साधारण असेच असते. कुड्याला जवसाचे तेल दिले नाही, कारण त्याने तो पिवळा पडतो. पाण्यात मिसळणाऱ्या बिनचकाकीच्या पारदर्शक रोगणाचे हात दिले.

खरे कौशल्य लागले ते पातळी राखण्यात. मूळ सेल्युलॉइड जेमतेम एक मिलिमीटरचे आणि खैराची पाती त्याच्या दुप्पट, म्हणून प्रत्येक पट्टीचे मूळ लाकूड तेवढे तासून घ्यावे लागले. नाहीतर खालच्या पट्ट्या वर येऊन उंच पट्ट्यांची उंची बोटाला कमी लागली असती. वजनाचाही विचार होता. पट्टी पुढच्या टोकाला जड झाली तर मागची झडप सैल बसते आणि भाता मारताच न दाबलेला सूर बारीक कुरकुरू लागतो. काकांनी पट्टीच्या टोकावर नाणी ठेवून, किती नाण्यांना ती खाली जाते हे पाहिले आणि शेजारच्या पट्ट्यांशी जुळेपर्यंत स्प्रिंगा ताणल्या किंवा सैल केल्या. सगळ्या पट्ट्यांवरून एकाच दाबाने बोट फिरवत त्यांनी तीनदा-चारदा डोळे मिटून तपासणी केली. रंगाचा विषय तेव्हा कोणाच्या ध्यानातही नव्हता.

जुळणी झाल्यावर मात्र एक गोष्ट नजरेत भरली, जी छायाचित्रांत मला कधी दिसली नव्हती. पांढऱ्या पट्ट्यांमध्ये जी बारीक फट असते ती काळी दिसते आणि त्या काळ्या रेषेनेच शेजारच्या दोन पट्ट्या वेगळ्या ओळखू येतात. पट्ट्याच काळ्या झाल्या की फट त्यांत विरून जाते. जेथे मध्ये उंच पट्टी आहे तेथे अडचण नाही, परंतु पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये, तसेच पांढरी सात आणि पुढची पांढरी एक यांच्यामध्ये उंच पट्टी नसते. त्या जागी दोन पट्ट्यांची मिळून एकच रुंद काळी फरशी दिसू लागली. (या परिच्छेदात मी त्यांना पांढऱ्या म्हणते आहे आणि त्या काळ्या आहेत, हे वाचकांनी सोसावे, माझ्या साथीदारांनी ते अधिक सोसले आहे.) काकांनी प्रत्येक पट्टीच्या लांब कडा कानशीने किंचित गोलसर केल्या, त्यामुळे कडेवर उजेडाची एक बारीक रेघ पकडली जाते आणि पट्ट्या पुन्हा सुट्या दिसतात. उंच पट्ट्या जेथे सुरू होतात त्या ओळीत खालच्या पट्ट्यांवर आडवी रेघही कोरून घेतली. जुन्या हार्प्सिकॉर्डवर अशा रेघा असतात आणि मी आजवर त्यांना नुसती नक्षी समजत आले होते.

आता पेटीच्या अंगाचा रंग. पट्ट्या बदलल्यावर जुने तपकिरी पॉलिश फारच उदास दिसू लागले, म्हणून तेही काढायचे ठरले. जुना थर कसला आहे हे कळण्याची एक सोपी परीक्षा आहे. तळाशी, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाकून तो चिकट झाला तर लाखेचे पॉलिश. स्पिरिटने काही न होता थिनरने विरघळला तर नायट्रोसेल्युलोजचे लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर अलीकडचे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. माझ्या पेटीवर खाली लाख आणि वर कोणीतरी केव्हातरी मारलेले लॅकर असे दोन्ही निघाले. आपले सुतार फवारून मारलेल्या रंगाला सरसकट डुको म्हणतात. हे नाव १९२० च्या दशकात ड्युपॉन्ट कंपनीने मोटारींसाठी काढलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे. पुढे फेंडर कंपनीने गिटारींसाठी जे फिएस्टा रेड, लेक प्लॅसिड ब्लू वगैरे रंग दिले तेही मोटारींचेच रंग होते. म्हणजे या गिटारींना भडक रंग आले ते मोटारींच्या कारखान्यांतून. हा डुको सेल्युलॉइडचा सख्खा भाऊ आहे आणि ज्या थिनरने तो निघतो त्याच थिनरने सेल्युलॉइडही वितळते. ज्यांना पट्ट्या जुन्याच ठेवायच्या आहेत त्यांनी अंगाचे पॉलिश काढताना त्या आधी बाहेर काढाव्यात.

नवा रंग डुकोने द्यावा असा आग्रह एका सुताराने धरला होता. रंगांची निवड त्यात अमर्याद असते हे खरे, पण त्याच्या जाड थराखाली सागाची शीर झाकून जाते आणि वाहतुकीत कोपऱ्यावर टवका उडाला की तो थेट लाकडापर्यंत उडतो. लाखेच्या पॉलिशवर ओरखडा आला तर स्पिरिटच्या बोळ्याने तो तेथल्या तेथे मिटवता येतो. म्हणून चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात स्पिरिटमध्ये मिसळणारा निळा रंग घालायचे ठरले. पण चपडी लाख स्वतः मधाच्या रंगाची असते, खाली साग पिवळट तपकिरी. या दोहोंवर निळा चढला की तो हिरव्याकडे झुकतो. एका सुट्या फळीवर आधी नमुने काढले, तेव्हा पहिल्या हातात निळा, तिसऱ्या-चौथ्या हातात मोरपिशी आणि त्यापुढे जवळजवळ बाटलीचा हिरवा असा प्रवास दिसला. शुद्ध निळाच हवा असता तर विरंजित पांढरी लाख घ्यावी लागली असती. मला मोरपिशी आवडला आणि तेथेच थांबले.

सागाचा तपकिरीपणा कमी करण्यासाठी लाकूड आधी ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने धुतले. हे आम्ल लाकडावरचे लोखंडाचे काळे डाग घालवते, म्हणजेच आम्ही खैरावर जे मुद्दाम घडवले होते नेमके तेच ते नष्ट करते. त्यामुळे पट्ट्या दुसऱ्या खोलीत, कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या आणि दोन्ही कामांसाठी हातमोजेही वेगळे होते. सुरांची फळी मात्र पहिल्याच दिवशी काढून काकांनी आपल्या कपाटात ठेवली होती. पॉलिश पेपरची धूळ सुराच्या जिभेत आणि चौकटीत अडकली की सूर बसतो किंवा फरफरतो, आणि तो मोकळा करण्याच्या नादात जिभेचे टोक खरवडले गेले तर स्वर चढतो, बुडाशी खरवडले तर उतरतो. पेटीच्या आतल्या बाजूला आम्ही रंगाचा थेंबही लागू दिला नाही. हवा कोंडून धरणारे चामडे नव्या पॉलिशला चिकटून बसते, आणि हवेच्या घरात शोभेला काही काम नाही. बाहेरच्या पॉलिशने आवाज बदलतो का, असे मला पुष्कळांनी विचारले. तंतुवाद्याच्या पातळ तबकडीबद्दल तसे बोलता येईल. पेटीत आवाज पितळी सुरांतून निघतो आणि बाहेरच्या फळीवरच्या लाखेच्या पातळ थराने त्यात कानाला कळेल असा फरक मला जाणवला नाही. जो फरक जाणवला तो नव्या चामड्याचा आणि बुजवलेल्या गळत्यांचा होता.

स्टॉपच्या, म्हणजे सुरांची हवा सोडण्या-बंद करण्याच्या, मुठी उरल्या होत्या. त्या मी सावंतवाडीला करून घेतल्या. तेथील चितारआळीतल्या कातारी मंडळींचे लाखकाम प्रसिद्ध आहे आणि ते पाहण्यासाठीच मुद्दाम गेले. लाकडाची मूठ कातून झाली की फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि केवड्याचे पान दाबून धरले की ती काचेसारखी गुळगुळीत होते. पानाचा ओला-जळका वास त्या सगळ्या जागेला भरून होता. ही पद्धत फिरणाऱ्या गोल वस्तूंनाच लागू पडते, सपाट फळीला नाही, अन्यथा मी सगळी पेटीच तशी करून मागितली असती. खर्जाच्या मुठी तांबड्या आणि नराच्या पिवळ्या केल्या. या एका ठिकाणी रंगाचा सरळ उपयोग झाला. अंधुक उजेडात खर्ज बंद करायचा असेल तर आता चाचपडावे लागत नाही.

प्रत्यक्ष वादनात काय झाले, हे सांगायला हवे. गायकाकडे पाहत वाजवताना रंग उलटल्याचा काहीही परिणाम झाला नाही, कारण तेव्हा हात उंचवट्यांच्या आधाराने चालतो आणि दोन-तीन, दोन-तीन अशी उंच पट्ट्यांची जुळणी होती तशीच आहे. अडखळायला झाले ते खाली पाहिल्यावर. कोणी "काळी दोन" म्हटले आणि मी नजर टाकली की डोळा काळ्या रंगाकडे धावे, आणि काळा तर सगळीकडेच पसरलेला. थोड्याच काळात मी दोनच्या जोडीतली दुसरी आणि तीनच्या गटातली पहिली अशा रीतीने पट्ट्या पाहू लागले, आणि मग बोलण्यातली काळी दोन व डोळ्यांसमोरची पांढरी टोपी यांचा झगडा उरला नाही. विचार केला तर स्केल चेंजर असलेल्या पेट्यांवर आपण हे नेहमीच करतो. तेथे पट्ट्यांचा संचच सुरांवर सरकतो, हात काळी एकवर असतो आणि वाजत असते भलतेच. तरी मैफलीत कोणी गोंधळत नाही. पत्ता आणि घर यांची फारकत आपण सोयीसाठी केव्हाच मान्य केली आहे, फक्त ती दिसत नव्हती.

ज्येष्ठ गायकांपैकी बहुतेकांनी पेटीकडे एकदा पाहिले, सूर कसा आहे ते ऐकले आणि विषय सोडून दिला. एका बाईंनी मात्र स्पष्ट सांगितले की माझ्या बाजूला बसताना मला ती पेटी नको, नजर सारखी तिच्याकडे जाते. हा आक्षेप मला रास्त वाटतो; साथीच्या वाद्याने गायकाचे लक्ष वेधून घेऊ नये, आणि त्यांच्याकडे मी दुसरी पेटी नेते. शिकणाऱ्या मुलांनाही मी ही पेटी देत नाही. ज्यांना अजून काळी एक कोठे आहे हेच पाठ करायचे आहे त्यांना रूढ रंगांचीच पेटी हवी, आणि पट्ट्यांवर रंगीबेरंगी चिकटपट्ट्या लावून शिकवण्याची जी टूम निघाली आहे ती तर मला मुळीच पटत नाही, कारण चिकटपट्टी निघाल्यावर मूल पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

दिव्यांचा अनुभव अनपेक्षित होता. रंगमंचावर तांबडा प्रकाश पडला की मोरपिशी अंग जवळजवळ काळे दिसते, त्यामुळे ज्या रंगासाठी एवढी यातायात केली तो तेथे प्रेक्षकांना दिसतच नाही. पट्ट्या मात्र अशा वेळी पूर्वीपेक्षा सोयीच्या वाटल्या. पूर्वी वरून येणारा झोत पांढऱ्या पट्ट्यांच्या चकाकीवरून थेट डोळ्यांत येई. तेलाने सुकवलेला खैर तो पिऊन टाकतो आणि पांढऱ्या टोप्या स्वच्छ उठून दिसतात. माझ्यापुरता निष्कर्ष असा की पट्ट्यांना रंग कोणताही चालेल, हिरवा-पिवळाही चालेल, पण उंच आणि खालच्या पट्ट्यांत उजळ-गडद हा फरक ठसठशीत हवा आणि चकाकी शक्य तितकी कमी हवी. निळ्यावर तांबडा असे दोन्ही सारख्याच गडदपणाचे रंग दुकानात सुंदर दिसतील आणि मंद उजेडात एकमेकांत मिसळून जातील.

वापराच्या खुणा आता दिसू लागल्या आहेत. खैर अधिकच काळा आणि गुळगुळीत झाला आहे. कुड्याच्या टोप्यांपैकी मधल्या सप्तकातली काळी एक आणि काळी चार सर्वांत जास्त वाजतात, त्यांवरचे रोगण झिजून तेथे घामाचा करडा डाग धरला आहे; त्या दोन टोप्या घासून पुन्हा रोगण द्यायचे आहे आणि त्यासाठी काकांनी मुसळाच्या उरलेल्या तुकड्याशेजारी कुड्याचा तुकडाही जपून ठेवला आहे. स्पिरिटमधले रंग उन्हात विटतात, म्हणून पेटीला जाड कापडाची खोळ शिवून घेतली आणि ती खिडकीजवळ ठेवणे बंद केले. मध्यंतरी एका भजनी मंडळाने त्यांच्या स्केल चेंजर पेटीला अशाच पट्ट्या करून मागितल्या. काकांनी काम घेतले, पण खैराऐवजी जुन्याच जाडीचे बिनचकाकीचे काळे अ‍ॅक्रिलिक सुचवले, कारण त्या पेटीत संपूर्ण पट्टीसंच डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि ओल्या हवेत लाकडाची पाती केसभर जरी फुगली तरी तो मध्येच अडकेल, अशी त्यांना धास्ती होती.